वामनरावांची लाली

ज्याच्या खाटेखाली मुंग्यांची रांग, त्याच्या उशीत गूळ. जो उकडलेला दोडका हसत हसत खातो, त्याच्या पेटीत लोणचं. ही माझ्या कामाची बाराखडी होती. संपादकांनी ‘तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा आधी हसू आलं. शिक्षकांना विद्यार्थी आठवतात, वकिलांना खटले आठवतात. मला लोकांच्या लपवायच्या जागा आठवतात.

पन्नासच्या दशकातली शेवटची काही वर्षं मी वर्ध्याहून देवळीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका निसर्गोपचार केंद्रात स्वयंपाकघर सांभाळत होते. ते केंद्र केव्हाच बंद झालं, त्यामुळं नाव सांगण्यात अर्थ नाही. चिंचेची झाडं, विहीर, कौलारू खोल्यांची एक ओळ आणि मध्ये प्रार्थनेचा ओटा. रोगी महिना-दोन महिने राहायला येत. सकाळी पोटावर ओल्या मातीची पट्टी, मग टबात कंबरेपर्यंत गार पाण्यात बसणं, मग भाजीचा रस. दुपारी बिनमिठाची भाकरी, उकडलेली भाजी, लोणी काढून घेतलेलं ताक. तूप नाही, तिखट नाही, चहा नाही, औषध नाही.

बाहेरच्यांना वाटे की असलं बेचव रांधायला काय लागतं! रांधायला काही लागत नव्हतं, खरं काम पुढंच असे. आठ दिवस बिनमिठाचं खाल्लेला माणूस काय काय करू शकतो, हे मी पाहिलंय. रविवारी नातेवाईक भेटायला येत आणि मी फाटकाशी उभी राहून पिशव्या बघत असे. हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याच्या मेहुण्यानं औषधाच्या बाटलीत तूप भरून आणलं आणि ‘डोळ्यांत घालायचं आहे’ म्हणून सांगितलं. मी म्हटलं, “डोळ्यांत काय पळीनं घालता?” एका बाईनं नातवाच्या दुपट्यांच्या गाठोड्यात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वड्या, आणल्या होत्या. पोराला नजर लागेल म्हणून गाठोडं उघडू देईनात. वास मात्र फाटकाच्या बाहेरूनच येत होता.

मी त्यांच्यावर संशय घेई आणि तेही माझ्यावर घेत. आम्ही स्वयंपाकघरातल्या बाया दार लावून तर्रीदार रस्सा ओरपतो, अशी तिथल्या रोग्यांची पक्की समजूत होती. आमची मुख्य स्वयंपाकीण गिरजाबाई, आर्वीकडच्या जंगलपट्टीतली गोंड बाई. ती तिच्या बहिणीशी गोंडीत बोलायला लागली की बाहेरचे कान टवकारत. रोग्यांना वाटे, नक्कीच लपवलेल्या तुपाबद्दल चाललं आहे. ती बिचारी बहिणीच्या शेळीबद्दल बोलत असे.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे काकाजी म्हणत. त्यांना भोंदू समजू नका. तरुणपणी तुरुंगात गेलेले, अनवाणी चालणारे, रोग्यांच्याच पंगतीत बसून तेच बेचव खाणारे गृहस्थ. त्यांचा दमा म्हणे सगळ्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर उपवासानं बरा झाला होता, आणि तेव्हापासून औषध म्हणजे विष, असं त्यांचं ठाम मत झालं. कोणावर सक्ती करत नसत, पण बोलत असं की समोरच्याला आपल्या गोळीची लाज वाटावी. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. रोग्यांनी सोडलेली औषधं त्यात ओळीनं मांडलेली असत, प्रत्येक बाटलीवर सोडणाऱ्याचं नाव चिकटवलेलं. पाहुणे आले की काकाजी आधी ते कपाट दाखवत.

अशा ठिकाणी एका उन्हाळ्यात वामनराव आले.

समुद्रपूरकडचे कापसाचे शेतकरी, खाऊन-पिऊन सुखी, वय चाळिशीच्या आतबाहेर. अंगानं सुटलेले नाहीत, उलट सडपातळ. पण डोळ्यांच्या कोपऱ्यांत, पापण्यांवर पिवळे चट्टे आणि दोन्ही कोपरांवर हरभऱ्याएवढ्या पिवळट गाठी. नागपूरच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं होतं की रक्तात चरबी फार आहे. कोलेस्टेरॉल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वामनराव त्याला ‘मेण’ म्हणत. “रक्तात मेण जमलं म्हणते डॉक्टर. आता मी माणूस हावो का मेणबत्ती?”

इतका संशयी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ताट पुढं आलं की आधी भाजी हुंगायची. “तेल कोन्तं घातलं जी? घाण्याचं का गिरणीचं?” मी म्हणे, “तेल घातलंच नाही.” “मंग हे चमकून काऊन राह्यलं?” ताकाचा पेला उजेडाकडं धरून लोण्याचा कण दिसतो का बघायचे. टबातलं पाणी आधी कोणी वापरलं का, हे टबवाल्याला रोज विचारायचे. पहिल्या आठवड्यात मी वैतागले. दुसऱ्या आठवड्यात मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. आपल्याच जातकुळीचा माणूस भेटला, असं वाटलं.

मग ती लाली सुरू झाली.

दुपारचं जेवण आटोपून वामनराव ओट्यावर येऊन बसत आणि थोड्या वेळात त्यांचा चेहरा लाल होई. आधी कान, मग गाल, मग गळा आणि छाती, होळीत रंग लावावा तसा. अंगाला खाज सुटे, ते उपरण्यानं वारा घेत बसत. कधी दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, मग सगळं निवळे. काकाजींनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. शरीर विष बाहेर टाकू लागलं की आधी त्रास वाढतो, असं निसर्गोपचारवाले मानतात. त्याला ते उभार म्हणत. काकाजींनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, “पाहा, वर्षानुवर्षांचं विष त्वचेतून बाहेर पडतंय.”

लोक बघत राहिले. मला मात्र विषाचं हे घड्याळ पटेना. विष रोज जेवणानंतरच कसं बाहेर पडतं? उपवासाच्या दिवशी सुट्टी घेतं काय?

मी मिरचीवर संशय घेतला. आमच्याकडचा माणूस, ठेच्याशिवाय भाकरी गिळणं कठीण. मी त्यांची गादी उलटली, पेटी बघितली, खिडकीबाहेरची माती उकरून पाहिली. मिरचीचा देठही मिळाला नाही. मग गिरजाबाईला बाजूला घेऊन विचारलं, “तू तर देत नाहीस ना मिरच्या?”

ती पोळपाट खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. “ताई, मिरच्या माह्याच घरी पुरत नाई. या माणसाले कायले देऊ? अन् देल्ली असती तं त्याच्या डोळ्यातून पाणी नसतं आलं?”

ती बरोबर होती. डोळ्यांतून पाणी नाही, नाक गळत नाही, नुसती लाली. मग मी दुसरा उपाय केला. रोज वाढून झालं की वामनरावांच्या समोरच्या ओळीत बसू लागले आणि भाकरी मोडता मोडता त्यांच्यावर नजर ठेवू लागले. पहिल्या काही दिवसांत काही दिसलं नाही. मग दिसलं. जेवण संपल्यावर ते कनवटीला हात घालत, मग मिशा पुसत आणि मग मान पार मागं टाकून पाणी पीत. नुसतं पाणी पिणारा माणूस एवढी मान टाकत नाही. गोळी गिळणारा टाकतो.

दुसऱ्या दिवशी ते विहिरीवर हात धूत होते तेव्हा मी गाठलं. “वामनराव, कनवटीला काय आहे?”

“काई नाई.”

“दाखवा.”

“बाईमाणसानं पुरुषाच्या कनवटीत पाहू नये जी.”

“मग काकाजींना बघायला सांगते.”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कागदाची एक पुडी काढली. पांढऱ्या गोळ्या. नागपूरच्या डॉक्टरनं दिलेल्या. निकोटिनिक अॅसिड, हे नाव मला पुढं कळलं. जीवनसत्त्वातलाच प्रकार, पण भरपूर घेतलं तर रक्तातली चरबी उतरते, असं तेव्हा नुकतंच डॉक्टर लोक म्हणू लागले होते. आणि ती घेतली की माणूस लालबुंद होतो, हेही डॉक्टरनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

“मग इथं कशाला आलात?” मी विचारलं.

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. “माहा बाप असाच गेला. छातीत कळ आली अन् वावराच्या धुऱ्यावर बसला, तो उठलाच नाई. मंग माहा दादा. चाळीसचाही झाला नव्हता. त्याच्याही कोपरावर ह्याच गाठी. त्याले डॉक्टरनं इंजेक्शन देल्लं अन् तो संध्याकाळी गेला, तवापासून माह्या बायकोचा डॉक्टरावर भरोसा नाई. तिनं इथं आणून टाकलं.”

“आणि तुमचा?”

“माहा कोणावरच नाई. तुमच्या काकाजीवर नाई, डॉक्टरवर नाई.”

“मग दोन्ही का करता?”

“भरोसा नाई म्हणूनच तं! एक खोटा निघाला तं दुसरा तरी खरा असन.”

 काकाजींना मी हे सांगितलं नाही. माणूस माझं जेवण निमूट जेवत होता, चोरून तूप खात नव्हता. गोळी घेतो म्हणून त्याला घरी धाडायचं, हे काही माझ्या मनाला पटेना. माझं काम खाण्यावर नजर ठेवायचं, गोळ्यांवर नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काही आठवड्यांनी वामनराव रक्त तपासायला नागपूरला जाऊन आले. चरबी चांगली उतरली होती. इकडं लालीही कमी होत चालली होती. अंगाला सवय झाली की ती कमी होते, हे मी वामनरावांकडूनच ऐकलं होतं. काकाजींनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांना ओट्यावर उभं केलं. “विष संपत आलं, लाली संपत आली, आणि डॉक्टरांच्याच यंत्रानं कबुली दिली. एक गोळी न घेता!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. वामनराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

पहिल्या ओळीत शांताबाई बसल्या होत्या. आर्वीच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका, पन्नाशीच्या, एकट्या. हृदय कमजोर होतं, चालताना दम लागे. हृदयासाठी रोज एक गोळी घेत. आल्या त्या दिवशीच त्यांनी काकाजींना सांगितलं होतं, “माती लावा, पाला खायला घाला, पण माझ्या गोळीला हात लावायचा नाही.” मला त्या बाईंचा ताठपणा आवडला होता. पण त्या प्रार्थनेनंतर त्या सावकाश उठल्या, खोलीत गेल्या आणि बाटली आणून काकाजींच्या हातात दिली. काकाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. दुसऱ्या दिवशी ती कपाटात होती, ‘शांताबाई, आर्वी’ अशी चिठ्ठी लावून.



त्यांच्या पायांकडं मी रोज बघू लागले. आधी चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटू लागला, मग चपलेत पाय जाईना. पंगतीला यायला चार पायऱ्या चढाव्या लागत, तिथं त्या मध्येच थांबू लागल्या. आडवं झोपता येत नाही म्हणून दिवसासुद्धा भिंतीला उशा लावून बसत. मी काकाजींना सांगितलं. ते येऊन बघून गेले. “उभार आहे. वामनरावांनाही आला होता. धीर धरा.”

तोच शब्द. एकाच्या लालीला जो, तोच दुसरीच्या सुजेला.

मी वामनरावांकडं गेले. ते चिंचेखाली बसले होते. “तुमच्याकडं बघून त्या बाईनं गोळी सोडली. काकाजींना खरं सांगा.”

“काऊन? मले इथून हाकलायचा बेत हाये का तुमचा?” त्यांनी डोळे बारीक केले. “असं कराले कोणी सांगतलं तुमाले? माह्या बायकोच्या भावानं?”

“वामनराव, त्या मरतील.”

“माणसं गोळी घेऊनही मरते जी. माहा दादा इंजेक्शन घेऊन मेला.”

मग मी एकटीच काकाजींकडं गेले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. काकाजींनी वामनरावांना बोलावणं धाडलं. ते आले, हात जोडून उभे राहिले. “गोळी? नाई जी. मी कायले गोळी घेऊ?” कनवट झटकून दाखवली, तीत काही नव्हतं. मी विचारायला गेल्यावरच त्यांनी पुडी दुसरीकडं हलवली असणार.

ते गेल्यावर काकाजी माझ्याकडं वळले. आवाज शांत होता. “ताई, तुमचा भाऊ वर्ध्याच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे ना?”

“हो.”

“दर आठवड्याला भेटता त्याला?”

त्यांना काय म्हणायचं आहे ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. डॉक्टर लोकांनी मला इथं पेरलं आहे, असं त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं मी लोकांच्या पिशव्या उघडत आले होते. आपली पिशवी कोणी उघडली की कसं वाटतं, ते त्या दुपारी कळलं. “आईचं औषध आणायला जाते,” एवढं म्हणून मी बाहेर आले. नोकरी सोडायची, असं ठरवूनच टाकलं होतं. पण आधी शांताबाईंना भावाकडं न्यायचं. त्या मात्र ऐकेनात. “वामनराव बरे झाले ना? मग थोडं सोसते,” म्हणत होत्या. वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रसाच्या वेळी सगळे ओट्यावर जमले. शांताबाईंना चालवेना, म्हणून गिरजाबाईनं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. ओठ निळसर पडले होते. मान किंचित पुढं काढून, तोंड उघडं ठेवून त्या श्वास ओढत होत्या. रसाचे पेले फिरत होते. वामनराव समोरच होते. पेला हातात धरून ते त्यांच्याकडं बघत राहिले, बराच वेळ. मग पेला न पिताच खाली ठेवला.

“दादा असाच बसला होता,” ते म्हणाले. कोणाला उद्देशून नव्हे. “भिंतीले टेकून. असाच.”

ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि पुडी घेऊन परत आले. काकाजींच्या समोर उभं राहून ती उघडली. “काकाजी, काल मी खोटं बोललो. ताई खरं बोलल्या. लाली दिसली त्या दिवसापासून मी गोळी खाऊन राह्यलो. ही लाली गोळीची हाये.”

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मागून म्हणालं, “ताईंनी पढवलं असेल.”

“पढवलं?” वामनराव वळले. “मंग पाहा सगळे. रोज जेवल्यावर घेतो म्हणून आताशा कमी येते. आज उपाशीपोटी दोन घेतो.” दोन गोळ्या तळहातावर ठेवून त्यांनी हात सगळ्यांसमोरून फिरवला, तोंडात टाकल्या, माझ्या हातातला पाण्याचा गडू घेऊन मान मागं टाकली आणि घटाघटा प्यायले. मग ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसले.

कोणी उठलं नाही. शांताबाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला भीती वाटत होती की नेमकी आजच लाली आली नाही तर?

आधी कानांच्या पाळ्या गुलाबी झाल्या. मग गाल. मग रंग गळ्यावरून खाली उतरला, सदऱ्याच्या आत, आणि बाह्यांतून हातांवर बाहेर आला. इतके लाल ते पूर्वी कधी झाले नव्हते. कपाळावर घाम, डोळे मिटलेले, खाज सुटून बोटं वळवळत होती. पण ते हलले नाहीत. “हेच तुमचं विष,” ते म्हणाले. “नागपूरच्या दुकानात मिळते.”

शांताबाईंनी माझा पदर ओढला. “माझी गोळी,” त्या म्हणाल्या.

मी उठायच्या आत काकाजी उठले होते. ते खोलीकडं धावत गेले. त्या माणसाला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. बाटली घेऊन आले, पण झाकण त्यांच्या हातून उघडेना. गिरजाबाईनं ती त्यांच्या हातातून घेऊन उघडली. मग बैलांची दमणी जुंपली आणि शांताबाईंना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. काकाजी दमणीबरोबर पायी चालत गेले. शांताबाई वाचल्या. सूज उतरायला बरेच दिवस लागले, पण पुढं त्या शाळेत परत गेल्या आणि वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या.

वामनराव त्याच दुपारी निघाले, कोणी जा म्हटलं नव्हतं तरी. फाटकाशी मला म्हणाले, “ताई, एक गोष्ट खरी सांगा. माह्या रक्तातलं मेण गोळीनं उतरलं का तुमच्या दोडक्यानं?”

“मला माहीत नाही.”

“मंग दोन्ही चालू ठेवतो,” ते म्हणाले आणि मोटारीकडं निघाले. पुढं बरीच वर्षं त्यांची खुशाली येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत राहिली. माणूस टिकला. कशानं टिकला ते आजही मी सांगू शकणार नाही.

काकाजींनी माझी माफी शब्दांत मागितली नाही. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि म्हणाले, “कपाटात एवढ्या बाटल्या आहेत. त्यांचे मालक आता कसे आहेत, हे मी कधी विचारलंच नाही.” त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा संशय आला होता. मी अनेकांवर संशय घेतला, पण तो इतका जड असतो हे त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. नोकरी सोडायचं मी मनातच ठेवलं. त्यांनी विचारलं, “माझ्याबरोबर याल? लोक मला खरं सांगणार नाहीत. तुम्हाला खोटं ओळखता येतं.”

आम्ही बाटल्यांवरची नावं घेऊन निघालो. पहिल्यांदा नाचणगावला गेलो. पुलगावच्या गिरणीतले एक निवृत्त मुकादम होते, रक्तदाबाचे. काकाजींचे आवडते रोगी, त्यांचं उदाहरण ते प्रत्येक भाषणात देत. मुकादम अंगणात बाज विणत बसले होते. ठणठणीत. काकाजींनी भीत भीत विचारलं, “औषध सोडल्यापासून काही त्रास?”

मुकादमांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, “खरं सांगा, आम्ही रागावणार नाही.”

“औषध मी सोडलंच कवा होतं जी?” ते कानकोंडे होऊन म्हणाले. “तुमाले वाईट वाटू नये म्हणून एक बाटली देल्लती. दुसरी घरी होतीच.”

परतताना काकाजी रस्त्यातच हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आवडत्या रोग्यानं आपल्याला फसवलं होतं, आणि त्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. “सगळे असेच निघू देत,” ते म्हणाले. आर्वीचेही एक जण तसेच निघाले. दुसऱ्या एकानं औषध आणि पथ्य दोन्ही सोडलं होतं, तो आमच्यासमोरच भजी खात होता. काकाजींचा चेहरा गावागणिक हलका होत होता.

मग आम्ही समुद्रपूरच्या पुढं एका गावी गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याची हृदयाच्या औषधाची बाटली कपाटात होती. पुरा दीड महिना राहून गेलेला माणूस, मला चांगला आठवत होता. त्याच्या उशीत कधी काही सापडलं नव्हतं, पेटीतही नाही. मी तेव्हा म्हणत असे की हा फार हुशार दिसतो.

त्याची बायको अंगणात तूर पाखडत होती. काकाजींना बघून तिनं सूप ठेवलं आणि त्यांच्या पाया पडली. कपाळ मोकळं होतं.

“कधी?” काकाजींनी विचारलं.

“संक्रांतीच्या आंधी.” तिनं बाज टाकली, पाणी आणलं. आवाजात रडू नव्हतं, एक प्रकारचा अभिमान होता. “तुमी सांगतलं तसंच केलं जी त्याईनं. सणावारालेही पुरणावर तूप घेतलं नाई. पाय सुजले, दम लागे, तं म्हणत, उभार हाये, उतरन. दिरानं डॉक्टर आणलता, त्यालेही वापस धाडलं. तुमचा शब्द मोडला नाई त्याईनं.”

  त्या माणसानं काही लपवलंच नव्हतं.

तिनं जेवायचा आग्रह केला. नवऱ्यासाठी करत असे तशीच बिनमिठाची भाकरी आणि दुधी तिनं वाढला. काकाजी जेवले, ताटात कण ठेवला नाही. उठताना ती दारात उभी राहिली. “काकाजी, एक विचारू? आता मलेही विहिरीवरून येताना दम लागते. पाय जड होते. मी काय काय सोडू?”

“काही सोडू नका, माय,” काकाजी म्हणाले. “उद्या माझ्याबरोबर वर्ध्याला चला. डॉक्टरला दाखवू. ते देतील ते औषध घ्यायचं.”

ती त्यांच्याकडं बघत राहिली. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत मला तो ओळखीचा संशय दिसला.

“मंग त्याईले काऊन नाई नेलं?” तिनं विचारलं.